मनोरा सरळ, चौक तिरका

ताई नेमकं काय काम करते हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याला कुणी विचारलं की तो म्हणे, "जुन्या इमारतींचा एक्स-रे काढतात ना, त्या कंपनीत आहे." हे साफ चूक होतं, पण ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं, म्हणून ताईने ते कधी दुरुस्त केलं नाही. एक्स-रे आतलं दाखवतो. ताईच्या कंपनीचं यंत्र फक्त वरवरचं बघायचं, पण बघायचं ते मन लावून. तीन पायांवर उभं केलेलं ते डबड्याएवढं यंत्र स्वतःभोवती गोल फिरतं, चहूकडे लेसरचा किरण फेकतं आणि किरण जिथे आपटून परत येतो तिथे एक ठिपका मांडतं. असे कोट्यवधी ठिपके जमले की पडद्यावर अख्खी इमारत उभी राहते. तिला फिरवून बघा, वरून बघा, खिडकीतून आत शिरा. उद्या खरी इमारत आगीत गेली, भूकंपात गेली, तरी ही प्रत राहील आणि तिच्यावरून दगड न् दगड पुन्हा रचता येईल, असं साहेब प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. सांगताना त्यांचा आवाज थोडा भरून यायचा. ताईला वाटे, दरवेळी त्याच वाक्याला कसा येतो? पण माणूस मनाचा चांगला होता.

यंत्राला एका जागेवरून सगळं दिसत नाही, म्हणून ते इथून तिथे, तिथून पलीकडे नेत राहावं लागतं. हे काम ज्याच्याकडे होतं तो इतका उंच आणि हडकुळा होता की ऑफिसात त्याला तिपाई म्हणत. त्याने आणलेले तुकडे ताईने कॉम्प्युटरवर जोडायचे. तुकडे नीट जुळले नाहीत की भिंत दुहेरी दिसते, एकीला चिकटून दुसरी. अशा वेळी काय करायचं तेही ठरलेलं होतं. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की दगड काही चालत नाहीत, धक्का लागलाच असेल तर यंत्राला. तेव्हा दोन्ही भिंती एकमेकींवर ओढायच्या आणि पुढे जायचं. ताई वर्षानुवर्षं ओढत आली आणि त्यात कधी चुकली नाही. तिपाईला मात्र ह्या नियमाचा राग होता. दगडांचं सगळं खापर माझ्याच डोक्यावर का, असं तो कुरकुरत राही.

मग घड्याळाच्या मनोऱ्याचं काम आलं. म्हणजे ताईच्या माहेराचंच काम आलं म्हणा. भर चौकातल्या त्या मनोऱ्याला पायथ्याशी चिकटून एक खोली होती आणि खोलीत तिचे वडील राहत. ताई तिथेच लहानाची मोठी झाली होती. वर चढून घड्याळाला किल्ली द्यायची नोकरी, आणि नोकरीसोबत ती खोली. निवृत्तीचं वय उलटून जमाना झाला, तरी तो गोल गोल जिना चढायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून नगरपालिकेने म्हातारबुवांना हात लावला नव्हता. सगळं गाव त्यांना टोलेवाले म्हणे. आई गेल्यावर ताईने त्यांना आपल्याकडे यायचा आग्रह करून पाहिला. ते म्हणाले, तुझ्याकडे घड्याळं आहेत, पण सगळी बॅटरीवरची. मी तिथे बसून काय करू, भिंतीकडे बघू? खरं कारण ताईला ठाऊक होतं. चौकातला प्रत्येक दुकानदार त्यांना हाक मारायचा, वेळ चुकली तर त्यांना जाब विचारायचा. ताईच्या गल्लीत ते नुसते कुणाचे तरी सासरे झाले असते.

तिपाई यंत्र घेऊन गेला तेव्हा बाबा दिवसभर त्याच्या मागे मागे होते. हे तीन पायांचं जनावर माझ्या मनोऱ्याला चावणार तर नाही ना, असं त्यांनी त्याला विचारलं म्हणे. खालचा अर्धा भाग आणि घड्याळापर्यंतची समोरची भिंत झाली आणि परवानगीचा कागद कुठल्याशा टेबलावर अडकला. मधे पावसाचे महिने गेले. कागद सुटला तसा तिपाई पुन्हा गेला आणि उरलेला वरचा भाग, थोडा खालचाही, घेऊन आला. आता दोन्ही खेपांचं काम एकमेकांत जोडायचं होतं. एरवी चौकात खुणेसाठी पांढरे गोळे मांडलेले असतात, त्यांच्या आधाराने तुकडे बसतात. पहिल्या खेपेचे गोळे केव्हाच उचलले गेले होते. मग ताईने दुसरा मार्ग धरला. दोन्ही खेपांत मनोऱ्याच्या ज्या भिंती आल्या होत्या त्या एकीवर एक बसवल्या. थोडं दुहेरी दिसलं, ते तिने ओढून घेतलं. मनोरा झकास जुळला. भोवतालच्या घरांच्या कडा मात्र जाड दिसत होत्या. पण ती घरं हवी होती कुणाला? करार मनोऱ्यापुरता होता. बाहेरचं सगळं कापून टाकायचं हीसुद्धा कामाची रीतच. तिने चौक कापून टाकला आणि साहेबांनी काम पोचतं केलं. मनोऱ्याची तब्येत ठणठणीत आहे, असं नगरपालिकेने त्यावरून जाहीरही करून टाकलं.

काही महिन्यांनी नगरपालिकेलाच हौस आली. मनोऱ्याची टेबलावर ठेवायची छोटी प्रतिकृती हवी, आणि एकटा मनोरा बोडका दिसेल म्हणून भोवतीच्या चौकासकट हवी. ताईने कापून ठेवलेले ठिपके परत आणले. पहिल्या खेपेला निळा रंग दिला, दुसरीला केशरी, आणि बघते तर मनोरा अगदी एकसंध, पण चौक दोन. निळा चौक नीट उभा होता. केशरी चौक कलला होता. बँक कललेली, औषधांचं दुकान कललेलं, दिव्यांचे खांब कललेले, सगळे एकाच अंगाला, बस वळण घेताना उभे प्रवासी झुकतात तसे. ताईला हसूच फुटलं. तिने तिपाईला हाक मारून बोलावलं आणि म्हणाली, बघ, ह्या वेळी तू अख्खा चौक पाडलास.

तिपाई वाकून बघत राहिला. तो हसला नाही.

"यंत्र मी पाण्याच्या पातळीत लावलं होतं, ताई. प्रत्येक जागी तपासलं होतं," तो म्हणाला. "आणि चौक कसा कलेल?"

ताईने माउस हातात घेतला आणि उलटं करून पाहिलं. मनोऱ्याला मोकळं सोडलं आणि दोन्ही चौक एकमेकांवर बसवले. बँक बँकेवर बसली, खांब खांबावर बसले. सगळं गाव जागच्या जागी आलं आणि मनोरा दोन झाला. पायथ्याशी दोन्ही रंगांत केसाएवढं अंतर होतं. वर जावं तसं ते वाढत होतं. घड्याळापाशी बोटभर होतं. कलला होता तो बाबांच्या खोलीच्या अंगाला.

घड्याळाचा मनोरा पावसाच्या त्या महिन्यांत कलला होता, आणि तिने तो स्वतःच्या हाताने ओढून सरळ केला होता. मनोरा मनोऱ्याशीच ताडून पाहिला तर तो हललेला दिसणार कसा? चूक झाली होती ती रीतीप्रमाणे वागूनच, आणि रीतीप्रमाणे वागून झालेली चूक बघायला कुणी मागे वळत नाही. तिने तिपाईला तोंड मिटून राहायला सांगितलं आणि साहेबांकडे न जाता ती सरळ बाबांकडे गेली.

खोलीत बाबा नव्हते. ती जिना चढून वर गेली. घड्याळाच्या खोलीत ते यंत्राच्या लोखंडी चौकटीशी गुडघ्यांवर बसून हातोडीने काहीतरी ठोकत होते. ती आलेली बघून त्यांनी हातोडी बाजूला ठेवली, जरा घाईनेच. चौकटीच्या एका बाजूखाली लाकडाच्या पाचरी होत्या, एकीवर एक. खालच्या तेलाने काळ्या पडलेल्या, वरची कोरी पांढरी.

हे कशाला, असं तिने विचारलं. ते म्हणाले, घड्याळ लंगडतं. लंबक एका अंगाला जास्त जातो, दुसऱ्या अंगाला कमी, टिकटिक सारखी पडत नाही. एक पाचर सारली की सुधारतं. पुन्हा लंगडलं की पुन्हा एक. घड्याळ म्हातारं झालंय, दुसरं काय. हे सगळं त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं.

"बाबा, घड्याळ लंगडत नाहीये," ताई म्हणाली.

बाबा तेलाचं फडकं उचलून त्याची घडी करत बसले. उलगडून पुन्हा घडी केली. तेव्हा ताईला कळलं की त्यांना हे केव्हाचंच माहीत होतं, आणि माहीत असून ते दररोज त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी पाठ टेकून झोपत होते. तिला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"तूच एकदा सांगितलं होतंस," ते म्हणाले, "दोन भिंती दिसल्या की तुम्ही त्या ओढून एक करता."

"हो."

"ह्याची केलीस?"

"केली. चुकून."

"मग राहू दे तशी. मी आहे तोवर राहू दे. माझ्यामागे काय करायचं ते कर."

"आणि अंगावर पडला तर?"

"माझ्या अंगावर पडला तर तक्रार कोण करणार आहे?"

"मी," ताई म्हणाली. बाबा हसले नाहीत, तीही हसली नाही. मग त्यांनी तिचा हात धरला. हात धरणारे बाबा तिला माहीत नव्हते. ते म्हणाले की त्यांनी आजवर लेकीकडे काही मागितलं नाही, हे एवढंच मागतायत. तिने मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते तिचं तिलाही कळलं नाही. खाली येऊन ती चौकात उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. डोळ्यांना मनोरा सरळच दिसत होता.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाप तुझा आहे आणि मशीनही तुझं आहे. मी काय सांगू?" ताईला ह्या उत्तराचाही राग आला, मग लक्षात आलं की तो बिचारा खरंच बोलतोय. तिला काही न करण्याची फार मोठी सोय होती. फाइल पोचली होती, मनोरा ठणठणीत ठरला होता. फक्त चौकाचे ठिपके पुन्हा कापून टाकायचे, तिपाईला समजावायचं आणि प्रतिकृतीत चौक हातानेच सरळ काढायचा. एका दुपारचं काम. ह्या विचाराने तिला आधी हायसं वाटलं आणि मग स्वतःची भीती वाटली.

सकाळी तिने साहेबांना दोन्ही रंगांचा मनोरा दाखवला. साहेबांचा चेहरा उतरला. आपण दिलेल्या कामात हे नाही का, असं त्यांनी विचारलं. नाही, मी ओढून घेतलं, असं ती म्हणाली. साहेब खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. कंपनीचं नाव जाईल, असं काहीतरी पुटपुटले. पण शेवटी म्हणाले की आता कानांवर हात ठेवून भागणार नाही, आणि त्यांनी स्वतःच नगरपालिकेला फोन लावला. तिपाई यंत्र घेऊन पळाला. नवी मोजणी आली ती आणखी वाईट होती.

मग सगळं भराभर झालं. चौकात पत्रे उभे राहिले. मनोऱ्याला टेकू द्यायला लोखंडी तुळया आणल्या, आणि तुळयांच्या पायाला नेमकी बाबांच्या खोलीची जागा लागली, म्हणून खोली पाडली. घड्याळाची वजनं उतरवली, ते बंद पडलं. नवरा आपली फ्रिज वाहायची गाडी घेऊन बाबांना आणायला गेला. बाबा भांडतील, अडून बसतील असं ताईने धरलं होतं. ते काही न बोलता गाडीत बसले. त्यापेक्षा भांडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

ते नवऱ्याशी बोलत, फ्रिजच्या कॉम्प्रेसरबद्दल तासन् तास बोलत. ताईशी मात्र "हो" आणि "नको" ह्यापलीकडे शब्द नव्हता. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली होती. त्या खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीतून, मनोऱ्याचं डोकं दिसायचं. ही फट ताईच्या आधी ध्यानातच आली नव्हती, नाहीतर तिने खाट आतल्या खोलीत टाकली असती. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते बाहेर बघत आणि म्हणत, "उभा आहे." कुणाला उद्देशून नव्हे. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

त्या दोन शब्दांनी ताईच्या अंगाची लाही लाही व्हायची. महिने गेले, वर्ष गेलं. मनोरा उभाच. दुकानदार भेटले की म्हणत, काय ताई, तुमच्या वडिलांना उगीच उठवलंत की. ते चेष्टेत म्हणत, पण चेष्टेतही माणसं थोडं खरं बोलून घेतात. आणि मग ताईला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली, जी ती कुणालाच सांगू शकत नव्हती. तो पडावा असं तिला वाटायचं. ज्या मनोऱ्याचा दगड न् दगड तिने जतन करून ठेवला होता, ज्याच्या सावलीत ती रांगायला शिकली, तो खाली यावा असं तिला मनापासून वाटायचं. माणसं मरावीत असं नाही, तेवढी ती वाईट नव्हती. तिने वेळसुद्धा ठरवून दिली होती, अगदी पहाटेची, चौकात कुत्रंही नसताना. सकाळी चहा टाकताना तिचे कान बाबांच्या त्या शब्दांकडे लागलेले असत, आणि आज ते यायचे नाहीत असं रोज वाटायचं. ते रोज येत.

वर्ष उलटल्यावर मनोऱ्याच्या तपासणीचं काम कंपनीला मिळालं. ह्या वेळी तिपाईने खुणा बँकेच्या भिंतीत भोकं पाडून पक्क्या बसवल्या होत्या, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. ताईने आधी चौक चौकावर बसवला. मग मनोऱ्याकडे पाहिलं. भिंत एकेरी होती. पायथ्याशी एकेरी, घड्याळापाशी एकेरी, कळसाशी एकेरी. मनोरा केसभरही हलला नव्हता. तिने दुसऱ्या पद्धतीने जोडून पाहिलं, खुणा बदलून पाहिल्या. तेच. साहेब खूश झाले. नगरपालिकेचा इंजिनिअर आला होता, तो म्हणाला की टेकूंमुळे असेल, नाहीतर जमीन आपोआप बसली असेल. टेकू दिले नसते तरी कदाचित इथेच थांबला असता, कदाचित नसता. हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तिपाईने विचारलं, "चांगलं झालं ना, ताई?" ती हो म्हणाली.

घरी जिना चढताना तिने बाबांना काय सांगायचं ते मनात घोकलं. आहे तसाच आहे, आहे तसाच आहे. दार उघडलं तर बाबा खाटेवर ताठ बसले होते. तपासणी झाल्याचं नवऱ्याकडून त्यांच्या कानावर गेलं होतं.

"काय म्हणतं तुझं मशीन?" त्यांनी विचारलं.

वर्षभरात त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. चेहरा भेदरलेला होता. त्यांचं घर, त्यांचं घड्याळ, त्यांचा चौक हे सगळं उगीच गेलं की कशासाठी तरी गेलं, हे त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"हललाय, बाबा," ताई म्हणाली. "आणखी हललाय."

"किती?"

"दोन बोटं."

"कुठल्या अंगाला?"

"खोलीच्या."

बाबांनी श्वास सोडला. खाटेला पाठ टेकली. मग एकदम बोलायला लागले, आणि बोलतच राहिले. नवरा कामावरून आला तेव्हा त्यालाही सांगितलं की पोरीने वेळेवर उठवलं, नाहीतर आपण झोपेतच गेलो असतो. दुकानदारांना उद्या जाऊन सांगतो म्हणाले, फार हसत होते लेकाचे. चहा झाला. कित्येक महिन्यांनी त्यांनी ताईला जवळ बसवून घेतलं.

"तेव्हा मी तुला म्हटलं होतं, ओढून सरळ केलंस तसंच राहू दे म्हणून," ते म्हणाले. "तू ऐकलं नाहीस. आईवर गेलीस. तुझ्या तोंडून खोटं म्हणून निघायचं नाही, बापासाठीसुद्धा नाही."

ताईने रिकामे कप उचलले आणि आणखी चहा हवा का, असं विचारलं. अर्धा चालेल, असं बाबा म्हणाले.